मुलीला वृत्तछायाचित्रकार व्हायचे आहे. कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू का?

सप्रेम नमस्कार.

आपली घाटंजी तालुक्यात पाच एकर कोरडवाहू शेती आहे, मुलगी यंदा बारावी कला शाखेत शिकते आणि वर्तमानपत्रासाठी छायाचित्रे काढण्याचेच काम करायचे, असे तिने ठरवले आहे. नातेवाईक डी.एड.चा आग्रह धरत असताना कर्ज काढून तिला 80 हजारांचा कॅमेरा घेऊन द्यावा का, असे आपण विचारले आहे.

कॅमेरा आज घेऊ नका. मुलीला मात्र अडवू नका.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांची सुरुवात कशी झाली, ते तिला अवश्य सांगा. त्यांचा जन्म 1913 साली नवसारीच्या पारशी कुटुंबात झाला. वडील फिरत्या नाटक कंपनीत होते. पुढे जे पती झाले, त्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून त्या छायाचित्रण शिकल्या आणि त्यांच्याच कॅमेऱ्यावर त्यांचा हात बसला. त्यांची छापून आलेली पहिली छायाचित्रे कुणा पुढाऱ्याची नव्हती. एका महिला मंडळाच्या सहलीची ती छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने घेतली आणि प्रत्येकी एक रुपया दिला. त्यानंतर मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतील बरोबरीच्या मुली, शहरातील रोजचे जीवन, असे जे हाताशी होते तेच त्या टिपत राहिल्या. 1942 साली ब्रिटिश माहिती सेवेच्या कामासाठी त्या दिल्लीला गेल्या, तेव्हा हा सराव त्यांच्या गाठीशी होता.

आपण सोबत पाठवलेल्या तीन छायाचित्रांपैकी एक मी बराच वेळ पाहत राहिलो. संध्याकाळी कापूस काट्यावर तोलला जात आहे, वेचणारी बाई गाठोड्याकडे न बघता काट्याकडे बघत आहे आणि बोंडांच्या टोकांनी चिरलेल्या तिच्या बोटांना चिंधी गुंडाळलेली आहे. आईबरोबर वेचणीला जाणाऱ्या मुलीसमोर ती बाई जशी वावरते, तशी नागपूरहून आलेल्या छायाचित्रकारासमोर वावरणार नाही. ही जवळीक कोणत्याही कॅमेऱ्यासोबत विकत मिळत नाही. उणीव एवढीच की छायाचित्राखाली गाव, तारीख आणि त्या दिवशीचा वेचणीचा दर लिहिलेला नाही. ती माहिती असती, तर ते बातमीचे छायाचित्र झाले असते. यापुढे हे तिने लिहून ठेवावे आणि छापायला देण्यापूर्वी त्या बाईंची परवानगीही घ्यावी.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. होमाईंची सुरुवातीची बरीच छायाचित्रे माणेकशॉंच्या नावाने छापली गेली, कारण तेव्हा त्यांचे स्वतःचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. आपल्या मुलीने तालुक्याच्या वार्ताहराकडे छायाचित्र दिले, तर ते तिच्याच नावाने छापून यावे, हा आग्रह वडील म्हणून आपणही धरावा.

शिक्षणाचे म्हणाल, तर बारावीनंतर दृश्यकलेच्या पदवीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते आणि नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. चित्रकलेचा सराव नसेल, तर साधी पदवी घेऊन पुढे नागपूर विद्यापीठात जनसंवाद शिकता येईल. या क्षेत्रात पगाराच्या जागा थोड्या आहेत, म्हणून हातात पदवी असणे मला आवश्यक वाटते; डी.एड. मात्र तिच्या इच्छेविरुद्ध लादू नये.

सध्या मोबाइल पुरेसा आहे. या हंगामात वेचणीपासून जिनिंगपर्यंतची दहा छायाचित्रे, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहून, तिने मला पाठवावीत. कॅमेऱ्याचे आपण त्यानंतर बोलू.