‘अनुभव : नाही’ ही ओळ आधी खोड

प्रिय बाळ,

तुझा बायोडेटा काल रात्री दोनदा वाचला. शेवटी ‘अनुभव : नाही’ असं लिहिलंयस. आणि सोबत मेसेज, ‘मावशी, जाहिरातीत एक वर्षाचा अनुभव मागितलाय, गुरुवारी मुलाखतीला जाऊ की नको?’

जा. पण त्याआधी ती ओळ खोड, कारण ती खरी नाही.

दोन वर्षं तू गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ बसतेस. सचिव आजारी होते तेव्हा चार महिने सगळी बिलं तूच काढलीस. 140 उत्पादक, प्रत्येकाचं दोन वेळचं दूध, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटव्यतिरिक्त घनपदार्थ) बघून दरपत्रकातला दर, त्यातून पशुखाद्याची उधारी वजा, उचल वजा, आणि दर दहा दिवसांनी ज्याची त्याची रक्कम चोख. दिवाळीच्या तोंडावर वर्षभराच्या दुधावरचा फरक, म्हणजे उत्पादकांना द्यायची वाढीव रक्कम, काढायलाही तू होतीस. तुला पगारपत्रक मिळालं नाही म्हणून हे काम झालंच नाही असं तू धरून चालली आहेस.

शिरोलीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतून सुटे भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्याच्या, अकाउंट्समध्ये मी 22 वर्षं होते. त्यातली शेवटची बरीच वर्षं मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसले. नव्या माणसाची आम्हाला भीती कशाची वाटायची सांगते. त्याला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येत नाही याची कधीच नाही, ते महिन्याभरात हातात बसतं. दुसऱ्याच्या पैशाबाबत तो बेफिकीर निघेल आणि चूक झाली की कागद खाली सरकवून ठेवेल, ही भीती असायची. कुठल्याही प्रमाणपत्रावर हे लिहिलेलं नसतं. ते माणसाच्या बोलण्यातून, त्याने सांगितलेल्या एखाद्या प्रसंगातून कळतं.

तुझ्याकडे तसा प्रसंग आहे. मागच्या मे महिन्यात तूच मला सांगितलास आणि विसरूनही गेलीस.

47 नंबरच्या खात्याच्या आजी बिल कमी आलं म्हणून संस्थेत येऊन बसल्या होत्या. दिवसाचं एकूण दूध टँकरच्या चलनाशी जुळत होतं, म्हणून सगळे त्यांना म्हणत होते की हिशेब बरोबर आहे, तुमचीच काहीतरी गफलत होतेय. तू त्या दहा दिवसांच्या पावत्या काढून बसलीस. 74 नंबरकडे एकच गाय, आणि दोन संध्याकाळी त्यांच्या नावावर नेहमीच्या दुप्पट दूध. आकडे उलटे पडले होते, 47 च्या जागी 74. तू 74 नंबरच्या घरी जाऊन त्यांना दाखवलंस, पुढच्या बिलात एकाकडून वजा आणि दुसऱ्याला जमा केलंस, आणि रजिस्टरमध्ये तशी नोंद करून सचिवांची सही घेतलीस.

आता अकरावीचं पुस्तक आठव. तेरीज पत्रक, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींची यादी, जुळलं तरी चूक राहू शकते, कारण रक्कम बरोबर असते पण भलत्याच खात्याला पडलेली असते. परीक्षेत तू हे चार मार्कांसाठी लिहिलं असशील. संस्थेत तू ते प्रत्यक्ष पकडलंस. मुलाखतीत हा प्रसंग सांगायचा, पाच-सहा वाक्यांत: काय घडलं, तुला संशय का आला, तू काय तपासलंस, दुरुस्ती कशी केलीस, नोंद कुठे ठेवलीस. आधी मोठ्याने म्हणून बघ. आईसमोर म्हण. तिला समजलं तर समोरच्यालाही समजेल.

बायोडेट्यातही तसंच लिही. ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड’ ही ओळ काढून टाक. दिवसाला असे पाच-सहा बायोडेटा यायचे, ती ओळ माझ्या डोळ्यांना दिसायचीसुद्धा बंद झाली होती. त्याऐवजी लिही: ‘गावच्या दूध संस्थेत दोन वर्षं मदतनीस, चार महिने 140 उत्पादकांची दहा दिवसांची बिलं स्वतंत्रपणे काढली, पशुखाद्य उधारी व उचल खाती सांभाळली.’ मदतनीस हा शब्द गाळू नकोस. सचिव म्हणून काम केलं असं लिहिलंस आणि त्यांनी संस्थेत एक फोन लावला, तर खरं होतं तेही खोटं ठरेल.

आता हातात चार दिवस आहेत, त्यात काय करायचं ते.

टॅली कॉलेजात दाखवलं होतं एवढंच तुला आठवतंय. आत्याच्या मुलाच्या लॅपटॉपवर टॅलीची एज्युकेशनल आवृत्ती उतरवून घे, तिला पैसे पडत नाहीत. तिच्यात महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या तारखेलाच नोंद करता येते, पण सरावाला तेवढं पुरे. तुमच्या संस्थेच्याच एका बिलाच्या नोंदी त्यात कर. नोंदीच्या प्रत्येक प्रकाराला, म्हणजे व्हाउचरला, एक बटण आहे: एफ 4 कॉन्ट्रा, एफ 5 पेमेंट, एफ 6 रिसिट, एफ 7 जर्नल, एफ 8 सेल्स, एफ 9 परचेस. बँकेतून पाच हजार काढून गल्ल्यात ठेवले तर कोणतं व्हाउचर, हे हमखास विचारतात. कॉन्ट्रा, कारण पैसे आपल्याच बँकेतून आपल्याच गल्ल्यात आले. घाबरून पोरं पेमेंट म्हणतात.

जीएसटीचं सगळं पाठ करायला जाऊ नकोस. ज्या कारखान्यात चालली आहेस तिथे रोज लागेल तेवढं नीट समजून घे. तो कारखाना कास्टिंग बनवतो. कास्टिंगवर 18 टक्के. माल पुण्याला गेला तर 9 टक्के केंद्राचे, 9 टक्के राज्याचे. माल निपाणीला गेला तर पूर्ण 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी, कारण निपाणी कोल्हापूरपासून तासाभरावर असली तरी कर्नाटकात आहे. गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक बघ, 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: 27 आपला, 29 कर्नाटकाचा. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात अकाउंट्सला बसणाऱ्याची नजर आधी या दोन आकड्यांवर जायला हवी. 50,000 रुपयांवरचा माल राज्याबाहेर निघाला की ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद, लागतं, हेही लक्षात ठेव.

तारखा एका कागदावर लिहून भिंतीला लाव. 7 तारखेला टीडीएस (पैसे देताना कापलेला आयकर) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न), 14 ला 2 बी (आपल्या खरेदीवरच्या जीएसटीचं पत्रक) तयार होतं, 15 ला पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि आरोग्य विमा), 20 ला 3 बी (महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न). दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या कारखान्याचा अकाउंट्स विभाग या तारखांभोवती फिरतो. तू दहा दिवसांच्या बिलाभोवती फिरलीस तसाच. हे तिथे जरूर बोल. ‘बिलाची तारीख चुकली तर लोक दारात येतात, म्हणून तारीख पाळायची सवय आहे,’ एवढं म्हण.

बँकेचा ताळमेळ, म्हणजे आपली वही आणि पासबुक यांतला फरक शोधणं, मात्र पक्का कर, मी तो प्रत्येकाला विचारायचे. आपल्या वहीत शिल्लक 53,700 आणि पासबुकात 48,200. का? भरलेला 6,000 चा चेक अजून जमा झालेला नाही. आपण दिलेला 700 चा चेक समोरच्याने अजून बँकेत टाकलेला नाही. आणि 200 रुपये बँकेने चार्जेस कापले, ते वहीत घ्यायचे राहिले. कागदावर मांड, जुळतं का बघ. मग वहीत दुरुस्ती कशाची होईल ते सांग. फक्त 200 ची. बाकीचे दोन चेक आपोआप जुळतील, त्यांना हात लावायचा नाही. हे कारण ज्याला सांगता आलं त्याला मी पुढे बसवून घ्यायचे, मार्क कितीही असोत.

बुधवारी दुपारी एकदा कारखान्यापर्यंत जाऊन ये. एसटीने किती वेळ लागतो ते कळेल, आणि गेटवरच्या पाटीवर जीएसटी क्रमांक असेल, कायद्याने तो दर्शनी भागात लावावाच लागतो. उतरवून घे आणि घरी येऊन जीएसटीच्या पोर्टलवर टाक. नोंदणी कधीची, प्रोप्रायटरशिप आहे की प्रायव्हेट लिमिटेड, रिटर्न कोणत्या तारखेला भरली, सगळं दिसतं. मुलाखतीला येणाऱ्यांपैकी कुणीच हे करत नाही. माझ्या समोर एवढ्या वर्षांत एकच मुलगा हे बघून आला होता आणि त्याला आम्ही घेतलं.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतील. ‘नाही सर’ म्हणून उठू नकोस. फाउंड्रीत काही कास्टिंग सदोष निघतात, गिऱ्हाईक ती परत पाठवतं आणि डेबिट नोट काढतं, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या बिलातून वजा केल्याचा कागद. ती नोट कधी स्टोअरला पडून राहते, कधी क्वालिटीवाल्यांकडे, आणि अकाउंट्सला महिन्याने कळतं. तू विचार, ‘रिजेक्शनच्या डेबिट नोटा अकाउंट्सकडे कशा येतात?’ हा प्रश्न ऐकून माझ्या साहेबांनी खुर्ची पुढे ओढली असती.

जे येत नाही ते येत नाही म्हण. माझी पहिली मुलाखत मी यातच घालवली. तेव्हा टाइपरायटर येतो का विचारलं, मी ‘हो’ म्हणाले. शेजारच्या टेबलावर मशीन होतं. त्यांनी कागद लावून दिला आणि मी पाच मिनिटांत दीड ओळ टाइप केली. ते काही बोलले नाहीत, कागद काढून घेतला. परत येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. नोकरी गेली याचं नव्हतं तेवढं, त्या माणसाने पुढचं काहीच विचारलं नाही याचं वाईट वाटलं. बँकेतल्या नोंदी, खतावणी, सगळं मला येत होतं, पण ते विचारायची वेळच आली नाही. तुला ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, विचारलं तर म्हण, ‘प्रत्यक्ष केलेलं नाही. बिल काढताना नंबर तपासायची सवय आहे, दाखवलंत तर शिकेन.’

एक प्रश्न तुला मुलगी म्हणून येईल. ‘लग्नाचं काय?’ मला तो विचारायला कधी पटला नाही. शेजारी बसणारे विचारायचे तेव्हा मी विषय बदलायचे. तुझ्या वेळी टेबलापलीकडे कुणी बाई असेलच असं नाही. रागावू नकोस आणि घरची हकिकतही सांगत बसू नकोस. ‘मला हे काम शिकून निदान दोन-तीन वर्षं इथेच करायचंय,’ एवढं म्हण आणि थांब. त्यावरही कुणी खोदत राहिलं तर ते ठिकाण कसं आहे ते तुलाच कळेल.

पगार विचारला तर तोंडाला येईल तो आकडा सांगू नकोस. तुझ्या वर्गातल्या दोन-तीन जणी शिरोली, गोकुळ शिरगावला लागल्यात, त्यांना आज फोन कर. येण्याजाण्याचा खर्च धर. कितीच्या खाली परवडत नाही ते मनात पक्कं ठेव.

मूळ कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच वेगळे, निळं पेन. दूध संस्थेच्या लेटरहेडवर सचिवांकडून चार ओळींचं पत्र घे, तू कधीपासून काय काम केलंस याचं. ते नाही म्हणणार नाहीत. सकाळचं संकलन त्या दिवशी कोण बघेल ते मात्र आधी ठरव.

बुधवारी रात्री आठनंतर फोन कर. मी तुला ताळमेळाचे वेगळे आकडे सांगेन, तू तिकडे वहीत मांड. आणि 47 नंबरच्या आजींची गोष्ट मला पुन्हा पहिल्यापासून सांग, मी मध्येमध्ये अडवून प्रश्न विचारेन.

तुझी,
मावशी