प्रश्न आला: मी दर्यापूरकडे आहे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या, नॅनोफायबरचं (अतिसूक्ष्म तंतूंचं) मेम्ब्रेन, म्हणजे गाळणीचा पातळ पडदा, गावातच बनवून खारं पाणी गोड करता येईल का? खर्च किती?

गोड होणार नाही. या मेम्ब्रेनची छिद्रं दहा-वीस नॅनोमीटरच्या घरातली, मिठाचे आयन (भारित कण) एका नॅनोमीटरपेक्षाही लहान. ते आरपार जातात. गढूळपणा आणि जिवाणू मात्र अडतात. खारपाणपट्ट्यात, म्हणजे तुमच्यासारख्या खाऱ्या भूजलाच्या भागात, आरओ लावा किंवा पावसाच्या पाण्याचं टाकं बांधा.

आता पऱ्हाटी. 'पेटवण्यापेक्षा नॅनो करा' हे भाषणात ठीक आहे. पऱ्हाटीत जवळपास चौथा हिस्सा लिग्निन असतं, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा लाकडी भाग. ते काढायला कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोड्याच्या) दोन-तीन उकळ्या आणि मग आम्लात सोडियम क्लोराइट लागतं, त्यातून विषारी क्लोरीन डायऑक्साइड सुटतो. उरलेलं काळं पाणी कोणाच्या नाल्यात सोडणार? त्यापेक्षा सरकीवरचा लिंटर, म्हणजे सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू, घ्या, तो बहुतांश सेल्युलोजच असतो, आणि नॅनोफायबर त्याचेच बनतात. मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचा नॅनोसेल्युलोजचा पायलट प्लांटही लिंटरवरच उभा राहिला. ४ टक्के कॉस्टिकमध्ये ८० अंशांवर दोन तास, भरपूर धुणं, मग हायड्रोजन पेरॉक्साइड, एवढ्यात लगदा पांढरा होतो.

धुतलेला लगदा वाळवू नका. निम्मे लोक इथेच फसतात. पाणी गेलं की तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी चिकटतात आणि पुन्हा भिजवले तरी पूर्ण सुटत नाहीत. ओलाच थंड जागी ठेवा. १ ते २ टक्क्यांचा लगदा एकमेकींना जवळपास टेकलेल्या चकत्यांच्या ग्राइंडरमधून दहा-पंधरा वेळा काढा, खळीसारखा घट्ट होईपर्यंत. घरच्या मिक्सरने तंतू तुटतात, उकलत नाहीत. खर्च विचारलात तर तो याच यंत्राचा आणि विजेचा. लिंटरचा त्यापुढे काहीच नाही.

पुढे ०.१ टक्क्यापर्यंत पातळ करून व्हॅक्यूमने बारीक फिल्टर कागदावर थर बसवा. आता वाळवायचंच आहे, पण थेट ओव्हनमध्ये नाही. पाणी उडताना थर आवळला जातो, छिद्रं मिटतात. चकचकीत पारदर्शक पापुद्रा हातात येतो, बघणारे खूश होतात आणि त्यातून पाणी थेंबभरही उतरत नाही. म्हणून आधी थरातलं पाणी इथेनॉलने दोन-तीनदा बदलून घ्या, मग दाबाखाली सुकवा. नुसता थर ओला झाला की फाटतो. मागे नॉन-वोव्हन (न विणलेल्या) कापडाचा आधार हवाच.

वापरताना आधी वाळूचा किंवा ५ मायक्रॉनचा फिल्टर लावा, नाहीतर विहिरीच्या गाळाने थर लगेच बुजेल. ओला पडून राहिला तर बुरशी धरतो, शेवटी सेल्युलोजच ते.

आणि हो, यवतमाळकडच्या कोणी फ्लोराइडसाठी हे वाचत असेल तर साध्या थराने तेही निघत नाही. तंतूंवर ऋण भार असतो, फ्लोराइडही ऋणच. त्यावर ॲल्युमिनियम किंवा झिर्कोनियम बसवावं लागतं, आणि ते पाण्यात उतरत नाही ना हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय घोटभरही पिऊ नका.