वाचकांचे प्रश्न : ताइको प्रत्यक्ष ऐकताना

प्रश्न : कामानिमित्त मी लवकरच जपानला जाणार आहे. ताइको म्हणजे जपानी ढोलांच्या वादनाच्या काही ध्वनिचित्रफिती मी पाहिल्या, परंतु दहा मिनिटांतच सगळे एकसुरी वाटू लागते. असे असताना तिकीट काढून कार्यक्रमाला जाण्यात अर्थ आहे का? गेल्यास कोठे बसावे आणि कशाकडे लक्ष द्यावे? सोबत सात वर्षांची मुलगीही असेल.

उत्तर : जरूर जावे. आपल्याला कंटाळा आला, तो वाद्यामुळे नव्हे, तर आपण ज्या लहानशा स्पीकरवरून ते ऐकले त्यामुळे. ‘नागादो-दाइको’ हा ताइकोमधला प्रमुख ढोल अखंड खोड कोरून घडवतात. त्यासाठी केयाकी या वृक्षाचे लाकूड सर्वोत्तम मानले जाते, आणि दोन्ही तोंडांवर ताणलेले कातडे खिळ्यांनी पक्के केलेले असते. एका बाजूवर काठी पडली की आतली हवा दाबली जाऊन दुसरी बाजूही थरथरते आणि त्यातून उठणारा खर्जाचा नाद कानांइतकाच छातीला जाणवतो. मोबाइलमधून हा खर्ज जवळजवळ गळूनच जातो. उरतात ते कोरडे ठोके.

पहिल्या रांगेचा मोह मात्र टाळावा. तेथे जवळचा ढोल बाकीच्यांना झाकून टाकतो. सभागृहाच्या मध्यावर, किंचित मागे बसल्यास दोरीने करकचून आवळलेल्या ‘शिमे-दाइको’चा टणक, उंच स्वर आणि मोठ्या ढोलांचा खर्ज वेगवेगळे कळतात, शिवाय सर्व वादकांची अंगस्थिती एका दृष्टिक्षेपात दिसते. ही अंगस्थिती वादनाचाच भाग आहे. ‘ओ-दाइको’ म्हणजे सर्वांत मोठा ढोल वाजवणारा कलाकार अनेकदा प्रेक्षकांकडे पाठ करून, पाय फाकवून, हात डोक्याच्या वर नेऊन प्रहार करतो. त्या वेळी मनगटाऐवजी त्याच्या पाठीकडे आणि कमरेकडे पाहावे, म्हणजे ठोक्याचे बळ कोठून येते ते उमगेल. ‘याताइ-बायाशी’ ही चिचिबू येथील डिसेंबरमधल्या रात्रोत्सवातून आलेली रचना रंगमंचावर सादर होते, तेव्हा वादक जमिनीवर बसून, धड मागे झुकवून समोरचा ढोल वाजवत राहतात; पोटाच्या स्नायूंवरचा तो ताण पाहताना आपलाही श्वास अडखळतो.

एकसुरीपणाच्या तक्रारीवर खरा उपाय म्हणजे दोन ठोक्यांमधल्या विरामाकडे लक्ष देणे. कातड्याच्या मध्यावरचा भरीव ‘दोन्’ आणि लाकडी कडेवरचा कोरडा ‘का’ हे दोन बोल ओळखता आले, तरी रचनेची वीण उलगडू लागते. संगीतरचनाकार इशी माकी यांची 1976 मधली ‘मोनोक्रोम’ कार्यक्रमात असेल, तर ती चुकवू नये. शिमे-दाइकोवर अगदी हलक्या हाताने सुरू होणारी ही रचना ऐकल्यावर ताइको म्हणजे निव्वळ दणदणाट हा समज टिकत नाही.

ढोल शतकानुशतकांचे असले, तरी अनेक ढोलांच्या मेळाची ही मंचीय पद्धत अर्वाचीन आहे. नागानो प्रांतातील जॅझवादक ओगुची दाइहाची यांनी 1951 च्या सुमारास तिचा पाया घातला. पुढे सादो बेटावरील ‘ओंदेकोझा’ या वादकमंडळीने आणि तिच्यातूनच 1981 मध्ये उभ्या राहिलेल्या ‘कोदो’ने ती जगभर पोहोचवली. माझी पसंती कोदोला आहे, कारण शांततेचा वापर त्यांना फार चांगला साधतो.

मुलीसाठी कान झाकणारी आवाजरोधक साधने अवश्य न्यावीत आणि दाराजवळची जागा घ्यावी. लहान मुलांना प्रवेश आहे का, हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे, कारण काही कार्यक्रमांना वयाची अट असते. तिच्यासाठी तोक्योमधील आसाकुसा येथे मियामोतो उनोसुके या जुन्या वाद्यनिर्मात्यांचे ढोलसंग्रहालयही आहे. तेथील अनेक वाद्ये स्वतः वाजवून पाहता येतात. लाल खूण असलेल्यांना हात लावायचा नसतो, निळी खूण असलेली जपून वाजवायची असतात. शक्य असल्यास कार्यक्रमाच्या आधीच तेथे जावे, म्हणजे सभागृहात कोणता आवाज कोणत्या ढोलाचा हे तिला ओळखता येईल.