वकील नसलेला माणूस बालन्यायात सुधारणा व्हावी म्हणून काय करू शकतो?

कायद्याचं शिक्षण नाही, ओळखीपाळखी नाहीत, मग आपल्या हातात काय आहे, असं तुम्ही विचारलंय. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांच्या पालकांबरोबर मी काही वर्षं काम करतेय. सुरुवात कोर्टाबाहेरच्या बाकावरून करा.

मुलांची सुनावणी बंद दाराआड चालते आणि ती तशीच चालायला हवी. एका चुकीपायी पोराचं नाव जन्मभर बदनाम होऊ नये. पण त्याच दाराआड व्यवस्थेच्या चुकाही झाकल्या जातात. आत काय झालं, हे बाहेर येणारे पालकच सांगू शकतात. एका आईनं माझ्यासमोर घडी केलेला कागद धरला. "सही करा म्हणाले, केली." वकील नको, असं त्यात लिहिलं होतं. मुलगा आज घरी येणार म्हणून त्याचा धुतलेला शर्ट तिनं पिशवीत घालून आणला होता. तो शर्ट तसाच परत गेला.

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लुझर्न काउंटीत हेच झालं. उपमुख्याध्यापकांची टर उडवणारं पान इंटरनेटवर टाकलं म्हणून एका शाळकरी मुलीला वकिलाविना, काही मिनिटांच्या सुनावणीत तीन महिन्यांसाठी सुधारगृहात धाडलं. तिच्या आईनं 2007 मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्युव्हेनाइल लॉ सेंटर या मुलांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांच्या संस्थेचं दार ठोठावलं. मग कळलं, की तिथं निम्म्याच्या आसपास मुलं वकिलाविनाच उभी राहत होती. पुढे तर दोन न्यायाधीशांनी खासगी सुधारगृहवाल्यांकडून 25 लाख डॉलरहून जास्त पैसे घेतल्याचं उघड झालं. दोघंही तुरुंगात गेले आणि 2009 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हजारो मुलांवरचे निकाल रद्द केले. एका आईनं गप्प बसायचं नाकारलं, तिथून हे सुरू झालं.

म्हणून वही ठेवा. मुलाचं वय, आरोप काय, वकील होता का, किती दिवस डांबलं, एवढंच. नाव, पत्ता, शाळा काही लिहू नका. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की अन्यायाचा साचा दिसायला लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात मुलाला डांबणं हा शेवटचा उपाय, तोही कमीत कमी काळासाठी, असं स्पष्ट म्हटलंय. नोंदी त्याच्याशेजारी ठेवून अधिकाऱ्यांना भेटा, पण पालकांना सोबत घेऊन; बोलू द्या त्यांनाच. सुटून आलेल्या मुलाला सभेत उभं करायचा मोह होईल. तो "हो" म्हणाला तरी आठवडाभर थांबा, पुन्हा विचारा, आणि फोटो कुणालाच काढू देऊ नका.