लिंक राहू द्या, आधी डोळ्यांखालून घाला

प्रश्न: ठाणे खाडीतल्या पक्ष्यांवर आमची वर्डप्रेसवरची साइट आहे. फ्लेमिंगो कुठे, किती दिसले ते लोक खाली लिहून जातात. हल्ली त्यात रमी आणि झटपट कर्जाच्या लिंक पडतात. यामुळे गूगलवर आमची साइट मागे पडेल का? लिंक देणंच बंद करावं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: सरसकट बंद करू नका. कुणी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवरच्या आपल्या यादीची लिंक दिली, तर तारीख, जागा, संख्या सगळं पडताळता येतं. अशी नोंद लाखमोलाची. रमीवाल्याला तुमच्या वाचकाशी देणंघेणं नसतं. तुमच्या चांगल्या साइटवरून आपल्याकडे लिंक गेली की गूगलमध्ये आपलं वजन वाढेल, एवढाच त्याचा हिशेब.

तो हिशेब मोडायला जानेवारी 2005 मध्ये ‘नोफॉलो’, म्हणजे ‘या लिंकला वजन देऊ नका’ असं सर्च इंजिनला सांगणारी खूण आली. गूगल, याहू आणि एमएसएन या तिन्ही सर्च इंजिनांनी ती मान्य केली. 2019 मध्ये गूगलने वाचकांच्या मजकुरातल्या लिंकसाठी ‘यूजीसी’ आणि पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ अशा आणखी दोन खुणा आणल्या. वर्डप्रेसच्या 5.3 या आवृत्तीपासून वाचकांच्या लिंकना ‘नोफॉलो’ आणि ‘यूजीसी’ आपोआप लागतात. लिंकवर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा. लिंकच्या कोडमध्ये ‘रेल’ (rel) पुढे हे दोन शब्द (nofollow, ugc) नसतील, तर एखादी थीम किंवा प्लगइन ते काढून टाकत असेल.

मात्र खूण लागली म्हणून कचरा यायचा थांबत नाही. लिंक टाकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, खूण बघतच नाहीत. शिवाय पान अशा मजकुराने भरलं, तर गूगल साइटवर थेट कारवाईही करू शकतं. म्हणून वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधल्या ‘डिस्कशन’मध्ये जा. मुळात 2 किंवा जास्त लिंक असलेली नोंदच तपासणीसाठी थांबते; तिथे 1 करा. आधी नुसतं ‘छान माहिती’ लिहून मंजुरी मिळवायची आणि मग लिंक टाकायची, ही जुनी युक्तीही त्याने अडते. नावाबरोबरचा वेबसाइटचा रकाना मात्र या मोजणीत येत नाही, आणि बराच कचरा तिथूनच शिरतो. तो रकाना काढूनच टाका.

नको असलेल्या शब्दांची यादी जपून करा. वर्डप्रेस शब्दाच्या पोटातलाही शब्द पकडतं. ‘रमी’ लिहिलंत, तर ‘आज फार गरमी होती’ ही साधी नोंदही अडकेल. असे शब्द ‘मॉडरेशन’च्या यादीत घाला, म्हणजे नोंद तुमच्या नजरेखालून जाते, ‘डिसअलाउड’च्या यादीत घातले तर ती थेट ट्रॅशमध्ये जाते. हंगाम संपला की जुन्या पानांवर नव्या नोंदी घेणं बंद करा.

साफसफाई झाल्यावर सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेतलं ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ बघा. तिथे ‘यूजर-जनरेटेड स्पॅम’ दिसलं, तरच फेरतपासणीचा अर्ज करा.

प्रश्न: माझा फराळाचा व्यवसाय आहे. एक जण 3,000 रुपयांत 500 लिंक देतो म्हणतो. घ्याव्यात का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: मुळीच नको. क्रमांक वाढवण्यासाठी विकत घेतलेल्या लिंक गूगलच्या नियमात बसत नाहीत. एवढ्या स्वस्तात मिळणाऱ्या लिंक बहुधा वरच्या प्रश्नातल्यासारख्या साइट्सवरच जाऊन पडतात, आणि तिथे त्यांना ‘नोफॉलो’ लागलेलं असतं. त्याऐवजी गूगल बिझनेस प्रोफाइलवर पत्ता, वेळ, पदार्थांचे फोटो भरा. ते फुकट आहे.