टोकं लाल, मध्ये काळोख

प्रश्न : कोल्हापुरात पापाची तिकटीजवळ आमचं चपलांचं दुकान आहे. मांडणीवरच्या चार फुटी ट्यूबची दोन्ही टोकं लाल होतात, मध्ये काळोख. स्टार्टर फिरवून काढला की ट्यूब लख्ख लागते. वायरमन म्हणतो चोक बदला. बदलू का?

उत्तर : अजिबात नको. चोक, म्हणजे पट्टीतली करंट आवरणारी तारेची गुंडाळी, ठणठणीत आहे, हे तुमच्याच हातानं सिद्ध झालंय.

स्टार्टरची डबी उघडून बघा. आत काचेची एवढीशी कुपी असते, तिच्यात वायू आणि दोन पट्ट्या. त्यातली एक पट्टी दोन धातूंची, तापली की वाकणारी. बटण दाबलं की कुपीत मंद उजेड होतो, पट्टी तापून दुसरीला चिकटते आणि करंट चोकमधून, दोन्ही टोकांच्या फिलामेंटमधून फिरतो. फिलामेंट लाल होतात. इकडे पट्ट्या चिकटल्यामुळं कुपीतला उजेड विझलेला असतो, म्हणून पट्टी गार होऊन सुटते. करंट असा अचानक तुटला की चोक कित्येकशे व्होल्टचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. पेटल्यावर तिच्या दोन टोकांत साधारण शंभरेक व्होल्टच उरतात, तेवढ्यात स्टार्टर पुन्हा जागा होत नाही. मग तो काढून खिशात घातला तरी चालतं!

तुमच्या डबीतल्या पट्ट्या कायमच्या चिकटल्यात, नाहीतर शेजारचा छोटा कपॅसिटर शॉर्ट झालाय. तो कपॅसिटर रेडिओत खरखर येऊ नये म्हणून असतो. पट्ट्यांनी करायचं काम तुम्ही स्टार्टर काढून करताय. नवा स्टार्टर घाला, विषय संपला. तशीच लाल ठेवलीत तर मात्र फिलामेंट जळतील.

चोकवर संशय कधी घ्यावा? ट्यूब आणि स्टार्टर दोन्ही चांगले असून काहीच हालचाल नसेल तेव्हा. किंवा नवी ट्यूब लावताच टोकं भक्कन पेटून फिलामेंट उडालं तर. तेव्हा दुसरी ट्यूब लावून ती पण घालवू नका. टोकं काळी पडून ट्यूब फडफडत असेल तर ती म्हातारी झालीय. तिला तशीच फडफडत ठेवली की चांगला स्टार्टरही जातो. आमच्या वायरमन मंडळींतले काही जण सगळ्यावर चोकच सुचवतात, कारण त्यात दोन पैसे जास्त सुटतात. आता लिहिलंच आहे तर लिहितो.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचा लेथ आहे. ट्यूबखाली षटकोनी बार फिरताना कधी कधी थांबल्यासारखा दिसतो. डोळे तपासू का?

उत्तर : डोळे बरोबर आहेत, उजेड फसवतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. बार मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असेल तर सहा बाजूंचा हिशोबही सेकंदाला १००च येतो. दर वेळी बाजू तिथंच दिसते आणि बार उभा वाटतो. पोरगं हात घालायचं! शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाका, किंवा इलेक्ट्रॉनिक चोक बसवा. तो हजारो हर्ट्झवर चालतो आणि त्याला स्टार्टर लागतच नाही. तोवर मशीनवर तारेचा एक पिवळा बल्ब लटकवा, त्याचा उजेड एवढा मंद-तेज होत नाही.