जाहिरातीच्या २५ हजारांतून आधी दुकानामागे संडास-मोरी बांधा

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. दर्यापूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात तुमचं साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. तीन मुली कामाला आहेत, पण चार-सहा महिन्यांत सोडून जातात. मागच्या वर्षी फ्लेक्स लावले, इन्स्टाग्रामवर पैसे टाकले, तरी गिऱ्हाईक वाढलं नाही. आता दिवाळी ते लग्नसराई एवढ्या काळासाठी २५ हजार बाजूला काढलेत आणि ते कशावर घालावेत हे विचारताय. मुली कशा टिकवाव्यात हा तुमचा दुसरा प्रश्न.

माझं भांड्यांचं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यात, तेही बाजाराच्याच गावात. आंदणाच्या भांड्यांवर आमचं वर्ष चालतं. बस्ता बांधून जे गिऱ्हाईक कापड दुकानातून निघतं, तेच पुढे आमच्याकडे गुंड, गंज, परात बघायला येतं. म्हणून तुमचं गिऱ्हाईक मला चांगलं माहीत आहे. माझं मत स्पष्ट आहे: निम्म्याहून जास्त पैसे दुकानामागे बायकांसाठी स्वच्छ संडास-मोरी बांधायला घाला. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मोठं उत्तर तिथेच आहे.

बाजाराच्या दिवशी खेड्यातून येणाऱ्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी एसटीने किंवा काळीपिवळीने निघाली की घरी पोचायला संध्याकाळ होते. मधल्या वेळात तिने जायचं कुठे? स्टँडवरच्या मुतारीची अवस्था तुम्हाला ठाऊकच आहे. बस्त्याला तर एका वेळी आठ-दहा माणसं येतात, त्यात बायाच जास्त. एखादी म्हातारी आत्या असते, एखादी पोटुशी असते, कोणाच्या कडेवर लेकरू असतं. दीड-दोन तास साड्या बघून झाल्या की चुळबुळ सुरू होते. मग कोणीतरी म्हणतं, "एवढं घेऊन टाका, बाकीचं अमरावतीले पाहू." दुकानदाराला वाटतं भाव पटला नाही, माल आवडला नाही. बऱ्याचदा माल आवडलेला असतो, बाईला फक्त उठायचं असतं. ज्या दुकानात "आत जाऊन या काकू, पाणी आहे, कडी आहे" असं एखादी मुलगी हळूच सांगते, तिथे तो बस्ता पूर्ण होतो. शिवाय ती बाई गावात चार जणींना हे सांगते. असं सांगणं कोणत्याही फ्लेक्सवर लिहिता येत नाही.

आता मुलींचं. आमच्याकडे एक मुलगी होती, कामाला चोख. भर मे महिन्यात माठ भरलेला असायचा आणि ही दुपारी डबा खाऊन दोन घोट पाणी प्यायची, बस. चक्कर येते म्हणाली तेव्हा मी विचारलं, पाणी का पीत नाहीस? ती म्हणाली, "पानी पेलं त मंग जाव कुठी, काकू?" कापडाच्या, भांड्यांच्या, चपलांच्या दुकानांत उभ्या असलेल्या कितीतरी मुली रोज याच हिशोबाने पाणी पितात. पाणी कमी प्यायचं आणि लघवी तासन्तास धरून ठेवायची, याने जळजळ, मूत्रमार्गाचा संसर्ग, ताप होतो. पाळीच्या दिवसांत तर कापड किंवा पॅड बदलायलाही जागा नसते. पोरगी महिन्यातून दोन-तीन दिवस दांडी मारते, आपण तिला कामचुकार म्हणतो, आणि एक दिवस तिची आई येऊन सांगते की आता ती येणार नाही. खरं कारण कोणी सांगत नाही, कारण ते सांगायला लाज वाटते. तुम्ही बाई आहात, तुम्ही विचारलंत तर सांगतील.

हे दुखणं आपल्या एकट्या विदर्भाचं नाही. केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरूवू या बाजारपेठेतल्या दुकानांत काम करणाऱ्या बायका आधी संडासासाठी आणि मग कामावर बसायला मिळावं म्हणून लढल्या. पी. विजी यांच्या पुढाकाराने त्यांनी 'पेनकूट्टू' ही संघटना उभी केली. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क दिला, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही दिला. त्यातही मोठा वाटा साड्यांच्या दुकानांतल्या बायकांचा होता. म्हणून सांगते, तीन उंच स्टूल आजच घ्या. गिऱ्हाईक नसताना मुलगी बसली तर दुकानाची शान जात नाही.

बांधकामाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच पैसे वाया जातात. मोठी सेप्टिक टाकी लागत नाही. स्वच्छ भारत मिशनमुळे गावोगावचे गवंडी दोन शोषखड्ड्यांच्या संडासाला सरावले आहेत. घरगुती शौचालयाला मिळणारे १२,००० रुपये दुकानाला मिळत नाहीत, पण रचना तीच चालते. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, तोवर पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं. तुमच्याकडे काळी माती, ती पाणी लवकर शोषत नाही. म्हणून खड्ड्याच्या जाळीदार विटांभोवती फूटभर रेती-गिट्टीचं आवरण भरून घ्या. गवंडी "गरज नाही" म्हणेल, ऐकू नका. पुन्हा तुमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो, म्हणजे बोअरचं पाणी पिण्याजोगं नसतं, पण संडासाला चालतं. पिण्यासाठी नळाचं पाणी नाहीतर कॅन वेगळा ठेवा. आतून कडी, दिवा, बादली, हात धुवायला साबण आणि झाकणाचा डबा, एवढं हवंच. जागा भाड्याची असेल तर मालकाशी आधी बोला. शेजारच्या दोन दुकानदारांना सोबत घेतलंत तर खर्चही वाटला जाईल. साफसफाई मात्र मुलींच्या गळ्यात घालू नका. त्याला वेगळा माणूस आणि वेगळे पैसे ठरवा, नाहीतर जे मुली टिकवायला बांधलं त्याच्यामुळेच त्या जातील.

मुली सोडून जायचं दुसरं मोठं कारण म्हणजे शेवटची बस. तुमच्या तिघी कोणत्या गावाहून येतात आणि त्यांची शेवटची एसटी किती वाजता आहे, हे तुम्हाला पाठ असायला हवं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. त्यामुळे खेड्यातल्या मुलींना तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावात कामाला येणं परवडायला लागलं. पण बस चुकली की अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय? साडेसातला गिऱ्हाईक बसलेलं असतं, मालक "थांब थोडी" म्हणतो, बस जाते, मग भाऊ मोटारसायकल घेऊन घ्यायला येतो आणि घरी बोलणी बसतात. असं दोन-तीनदा झालं की घरचे काम बंद करतात. जिची बस आधी तिला आधी सोडायचं, समोर बस्ता असला तरी, हा नियम करा आणि पाळा. लग्नसराईत उशीर होणार हे माहीत असतं, तेव्हा ऑटो आधीच ठरवून ठेवा आणि त्याचे पैसे दुकानाने द्यावेत.

उन्हाळ्याचंही आत्ताच ठरवा. पारा ४५ च्या वर गेला की बारा ते चार बाजारात चिटपाखरू नसतं. सकाळ-संध्याकाळ दुकान उघडायचं म्हटलं तर गावाहून येणारी मुलगी दुपारी घरी जाऊ शकत नाही. म्हणून एकीला सकाळची पाळी, एकीला दुपारनंतरची, असं वाटून द्या. दुपारी जी थांबेल तिला आत सतरंजी टाकून पडायची मुभा हवी. कूलर टिनाचा असेल तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, तिथल्या लाइनला शॉकपासून वाचवणारा ब्रेकर बसवा, आणि प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही ही ताकीद द्या. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात. कोणाला ऊन लागल्यासारखं वाटलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, घोट-घोट पाजा. अंग तापलेलं असेल आणि ती असंबद्ध बोलायला लागली तर तोंडाने काही पाजू नका. तिला सावलीत घ्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा असं कायदाही सांगतो. आठवड्याची एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास निवांत जेवण, ही दोन मापं २०१७ च्या दुकाने कायद्यातून उचला, तुमच्या तीन माणसांच्या दुकानाला त्यातलं बरंच लागू नसलं तरी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. हप्ता मुलीच्या बँक खात्यातूनच कापला जातो, तेव्हा तेवढे पैसे तुम्ही पगारात घालून द्या. गिऱ्हाईकासमोर कधीही रागावू नका. पाण्याचा माठ एकच ठेवा आणि पेले सगळ्यांना सारखेच. आणि एखादा माणूस साडी बघायच्या निमित्ताने मुलीच्या अंगचटीला येत असेल तर त्याला तुम्हीच बाहेरचा रस्ता दाखवा, मग तो कितीही मोठा गिऱ्हाईक असो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानातली मुलगी अशी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करू शकते, हेही तिघींना सांगून ठेवा.

उरलेल्या पैशांची जाहिरात. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे आणि तुमच्यासाठी तेच पुरेसं आहे. दुकानाचा नंबर वेगळा ठेवा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून बिल करताना गिऱ्हाईकाच्या फोनमध्ये तिथल्या तिथे नंबर सेव्ह करून घ्या. फोटो दाराशी, दिवसाच्या उजेडात, घडी मोडून पदर आणि काठ दिसेल असा काढा आणि किंमत लिहा. किंमत न लिहिलेली साडी बघून खेड्यातली बाई फोन करत नाही, महागच असणार असं धरून चालते. रात्री दुकान बंद झाल्यावर आपोआप उत्तर जाईल अशी सोय त्यात आहे, ती लावा म्हणजे तुमचीही झोप शाबूत राहील. आणि मुलींना साड्या नेसवून रील टाकायच्या असतील तर आधी त्यांना विचारा, खरं तर त्यांच्या घरीही विचारा. तुमच्या मुली सोडून जाण्यामागे हेही एक कारण असू शकतं, तपासून पाहा. चेहऱ्याशिवाय हातावर पदर धरून काढलेला व्हिडिओ तेवढंच काम करतो.

खर्च पैशाच्या हंगामात करा. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये घरात येतं, कापूस दिवाळीच्या मागे-पुढे, तूर-हरभरा जानेवारी ते मार्च. जून-जुलैत पेरणीला पैसे गेलेले असतात, तेव्हा फ्लेक्सवर रुपया घालू नका. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये खात्यात आले की आमच्याकडे त्या आठवड्यात छोटी खरेदी वाढते. त्या दिवसांत आहेराच्या साड्या पुढे मांडा. बाजाराच्या सकाळी आजूबाजूच्या पाच-सहा खेड्यांत ऑटोवर भोंगा फिरवा, परवानगी घेऊन, आणि आवाज आपल्या वऱ्हाडी बाईचा असू द्या. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन दारात येतात, त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, द्यायला विसरू नका. त्यांच्यामागे त्यांच्या आया असतात. गूगल मॅपवर दुकान, वेळ आणि फोन नीट भरा, त्याला पैसे पडत नाहीत. इन्स्टाग्रामवर पुन्हा पैसे टाकणार असाल तर प्रेक्षक आपोआप निवडायला सोडू नका, तुमच्या गावाभोवतीचा १५-२० किलोमीटरचा घेर स्वतः निवडा.

संडासाचे खड्डे पाऊस पूर्ण उघडल्यावर खणा, ओल्या काळ्या मातीत कडा ढासळतात. तुळशीच्या लग्नानंतर बस्ते सुरू होतील, त्याआधी काम उरकायला हवं. गवंड्याशी मात्र आत्ताच बोलून ठेवा, सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की खणायला मजूर मिळत नाही.